मालनचं उलथणं आणि पंचांचं धुराडं

देवासच्या टेकडीखालच्या अन्नछत्रात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, हे कोणालाही ठाऊक असतं. लाकूडही बाहेरच ठेवावं लागतं, हे मात्र नव्या माणसाला ठाऊक नसतं. तो मोळी डोक्यावर घेऊन सरळ आत घुसायला जातो आणि कोठीच्या दारातून आवाज येतो, "ठहरो भिया! आधी वाजवून दाखव."

ही मालन. छत्रात भांडी घासते. मोठ्या लोकांची चरित्रं लिहायला पगारी माणसं बसलेली आहेत. भांडी घासणारीचं कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. नवरात्रात त्याच्या पोटात जी खिचडी जाते, तिचं पातेलं कोणी घासलं हे आधी सांगावं, मग हसावं.

मालन मूळची धारजवळच्या तिरल्याची. तिचे पूर्वज फौजेबरोबर घोडे सांभाळत माळव्यात आले आणि इथलेच झाले. लग्नाआधी ती तिरल्याच्या अफूच्या शेतांवर मजुरीला जायची. नवरा देवासला पागेत मोतद्दार होता, घोड्यांची निगा राखायचा; तो पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नाही. छत्राच्या सैपाकघरामागे चुलीच्या भिंतीला लागून एक खोली आहे, चार हात लांब, तीन हात रुंद. भांड्यांच्या कामाबरोबर ती मालनला मिळाली. थंडीच्या दिवसांत चुलीच्या ऊबेने तिची भिंत गरम राहते.

"राजवाड्यात तरी भिंत गरम असते का हो?" असं तिने मला एकदा विचारलं.

मी राजवाड्यात कधी गेलेलो नव्हतो. ठोकून दिलं, "नसते."

"मग झालं तर," म्हणाली.

आता ज्याने देवास पाहिलेलं नाही त्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. आम्हाला त्यात नवल वाटत नाही, परक्याला मात्र घेरी येते. आणि आमचं अन्नछत्र बरोबर शिवेवर. ती शीव दारातून आत शिरते, चुलीच्या मधून जाते आणि धुराड्यातून वर निघते. चूल थोरल्या पातीत, तिला जोडलेली बाजूची वैल धाकट्या पातीत. छत्र खासगी, लोकांच्या देणगीवर चालणारं. त्याला पंच दोन. थोरल्या पातीकडून मल्हारराव, धाकटीकडून नारायणराव. दोघे सज्जन, दोघे दानशूर, आणि दोघे एका बैठकीवर बसले की एका पोत्यात दोन बोके.

सन १९०८ चा पाऊस भाद्रपद आला तरी सरत नव्हता. चिंतामणभट आचारी ओला पळस आणि हिरवी बाभूळ चुलीत कोंबायचे, फुंकणीने फुंकायचे, डोळे पुसायचे आणि दैवाला बोल लावायचे. त्यात पावसाचं पाणी चुलीत गळू नये म्हणून कोणा शहाण्याने धुराड्याच्या तोंडावर दोन कौलं आडवी टाकलेली. धुराला जोर कुठून येणार? तो वर जाता जाता थंड व्हायचा आणि भिंतीला चिकटायचा. हे काही त्याच वर्षीचं नव्हे, वीस वर्षांचं. काजळीवर काजळी, काजळीचं डांबर, आणि डांबर वाळून त्याची काच.

भाद्रपदी पौर्णिमेला सकाळी ते डांबर पेटलं.

छपरावरून आगगाडी गेल्यासारखा आवाज झाला. धुराड्याच्या तोंडातून पुरुषभर जाळ निघाला. बाहेरच्या पंगतीतले यात्रेकरू हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं देवी टेकडी उतरून खाली आली. एक ठिणगी चिंतामणभटांच्या शेंडीवर बसली आणि ते "अग्नये स्वाहा" न म्हणताच पळाले. पळाली नाही ती मालन. तिने भांडी घासायच्या हौदातली ओली गोणपाटं उचलली आणि चूल-वैल दोन्हींची तोंडं दाबून झाकली. वारा तुटला तशी आग गुदमरली.

"अक्का, तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. माझी भिंत आहे ती."

संध्याकाळी पंच बसले. मी अर्ज लिहून देणारा माणूस. कोणाचं ना कोणाचं गाऱ्हाणं घेऊन तिथे असतोच.

मल्हारराव म्हणाले, "धुराडं पुन्हा पेटलं तर अर्धं गाव जळेल. घटस्थापनेपर्यंत साफ झालं तर ठीक. नाहीतर आम्ही आमच्या बाजूला वेगळं छत्र काढतो."

नारायणराव म्हणाले, "आम्ही तर कालच जागा पाहून ठेवलीय."

"काल? आग तर आज लागली!"

"दूरदृष्टी म्हणतात याला."

"आणि ही जागा?" मी मध्येच तोंड घातलं.

"मधोमध भिंत घालू," दोघे एकदम म्हणाले. वर्षात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं आणि तेही पाडापाडीवर. मधोमध भिंत म्हणजे मालनच्या खोलीतून भिंत. दीड हाताच्या दोन खोल्या. त्यात उंदीरसुद्धा पाय पसरणार नाही.

"आणि मालन?"

"ती नारायणरावांकडे राहील."

"छे, आमच्याकडे भांडीवाल्या आहेत. ती मल्हाररावांची."

मालन दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिने पदर खोचला नि निघून गेली. मीच तिच्या वाटचं बोललो, आणि मला हाताला धरून बाहेर काढण्यात आलं.

घटस्थापनेला पंधरा दिवस. पण ते पंधरा दिवस पितृपक्षाचे. पितृपक्षात कोणी नवं काम काढत नाही, नवी वस्तू विकत घेत नाही. शालिग्राम लोहाराने भाता झाकून ठेवला होता. "नवं अवजार घडवणार नाही," तो म्हणाला. "बाप स्वप्नात येऊन मारेल."

पंचही म्हणाले, पितृपक्षात काम सुरू कसं करायचं?

तेव्हा मालनने पंचांपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं. "नवं कुठंय, रावसाहेब? वीस वर्षांची घाण आहे. पितरांच्याच हातची असेल."

हे पंचांना पटलं. ठरलं की काम करायचं, पण अवजार जुनंच वापरायचं. आणि माणूस? माणूस प्रत्येकाचा आपला.

नारायणरावांनी भगवंत गवंड्याला धाडलं. त्याच्याकडे भिंती सारवायचा शिंदीच्या झावळीचा जुना कुंचा होता. तो त्याने लांब बांबूला बांधला, छपरावर चढला आणि धुराड्यात खालीवर चालवला. काजळीचा पाऊस पडला. ऊन कललं तेव्हा तो उतरला.

मी वर चढून पाहिलं. "अरे, ही तर अर्धीच बाजू झाली!"

"आपली तेवढीच," भगवंत म्हणाला. "पलीकडची थोरल्या पातीची. हात लावला तर उद्या मल्हारराव मला जाब विचारतील."

"धुराला कळतं का रे कोणती बाजू कोणाची?"

"धुराला कोण जाब विचारतोय, भाऊ?"

आणि जी अर्धी बाजू झाली तिचं तरी काय? मोकळी काजळी गेली, आतलं डांबर तस्संच. उलट कुंच्याने घोटून त्याला चकाकी आली. तोंड दिसेल असं झालं.

मग मल्हाररावांचा शालिग्राम आला. त्याच्याकडे विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा जुना लोखंडी गळ होता, साखळीला बांधलेला. तो त्याने वरून सोडला आणि गरगर फिरवला. आवाज असा की कुत्री गाव सोडून गेली. थोड्या वेळाने धुराड्यातून एक वीट निसटली आणि चिंतामणभटांच्या हंड्यात पडली. डांबराला ओरखडासुद्धा नाही.

मालनने हंड्यातून वीट काढली, वरचा चुना बोटाने पाहिला आणि ओरडली, "शालिग्राम भिया, वीट मऊ, चुना मऊ, डांबर कडक. तू कडकाला सोडून मऊला मारतोयस. तू सरकारी नोकरीत जा!"

बघ्यांना हसू आवरेना. शालिग्राम लालबुंद झाला, पण साखळी गुंडाळून खाली उतरला. चांगला माणूस, चूक कळली की मुकाट उतरतो. असे दोनचार पंच असते तर!

आता नारायणरावांनी अक्कल चालवली. "धुराड्यात पेंढा भरा आणि द्या पेटवून. जळून जाईल सगळं."

मालनने विटेला चिकटलेल्या डांबराचा नखाएवढा तुकडा उचकटला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. फर्रकन् हातभर ज्वाळा उठली. नारायणराव दोन पावलं मागे, धाकटी पाती ओलांडून थेट थोरल्या पातीत.

"एवढ्याशा तुकड्याचं हे," मालन म्हणाली. "आत गाडीभर आहे. पेटवू का?"

नारायणराव आपल्या राज्यात परत आले.

अमावस्येला तीन दिवस उरले. मी एक जळजळीत अर्ज लिहिला, दोन्ही पंचांच्या नावाने, आणि वाचून दाखवायला मालनकडे गेलो. ती अंगणात बसली होती. पुढ्यात ती पडलेली वीट, एका अंगाला जाड काळं डांबर, खाली चुना. शेजारी उन्हात डांबराचा एक तुकडा, सावलीत एक, आणि विहिरीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत एक.

"हे काय मांडलंयस?"

"या तुकड्यांना बोलतं करतेय. उन्हातला दाबून बघा."

दाबला. गुळाच्या काकवीसारखा बोटाला चिकटला, सुटेना. सावलीतला नखाला दबला. पाण्यातला तिने काढला, दोन बोटांत धरला, आणि कट्कन् मोडला. बांगडीसारखा.

"बघितलंत? भगवंता आणि शालिग्राम दोघे भर दुपारी गेले होते. दुपारी तापलेल्या डांबराला कोण सोडवणार? तिरल्याला आम्ही अफूच्या बोंडांवरचा चीक उतरवायला जायचो तो पहाटे. ऊन चढलं की चीक पातळ व्हायचा, हाताला लागायचा, पात्याला लागायचा, नि मुकादम आईबहिणीवर उतरायचा."

"मग पहाटे करायचं. पण कशाने?"

तिने पदराखालून एकेक अवजार काढून समोर टाकलं. खुरपं, मोडक्या विळीचं पातं, घोड्याची पाठ घासायचा नवऱ्याचा खरारा. सगळं घरचं, सगळं जुनं. तिने वीट बादलीत बुडवून गार केली आणि खुरपं चालवलं. डांबर निघालं, पण चुन्याचा पोपडाही बरोबर आला. विळीचं पातं तर विटेतच रुतलं. खराऱ्याने नुसत्या रेघा उठल्या. तो तिने पुसून परत पदराखाली ठेवला.

"धार असली की वाईट," ती म्हणाली. "बोंड खरवडायचं पातं आम्ही दगडावर घासून मुद्दाम बोथट करायचो. धारेचं पातं बोंडाची साल कापतं, चिकात साल जाते, माल वाया. बोथट पातं फक्त वरचं वरचं उतरवतं."

मग ती उठली आणि सैपाकघरातून खिचडीच्या हंड्याचं लोखंडी उलथणं घेऊन आली. हातभर दांडा, पंज्याएवढं पातं, पंधरा वर्षं हंड्याचा तळ खरवडून खरवडून कड गोल झालेली आणि पातं किंचित वाकलेलं. त्याच्या कडेला तिने अळशीचं तेल चोळलं. "अफूच्या पात्याला हेच लावायचो. चिकटत नाही." विटेवर आडवं धरून तिने एकदाच ढकललं. डांबराचा तळहाताएवढा पापुद्रा उठला आणि टण्कन् फरशीवर पडला. खालचा चुना शाबूत.

मी उभाच राहिलो. "अक्का! पंधरा वर्षं हे तुझ्या हातात होतं!"

"पंधरा वर्षं मला कोणी विचारलं का?"

मला असा संताप आला की अर्जात आणखी चार ओळी घालाव्यात असं वाटलं. मालनने कागद माझ्या हातातून काढून घेतला. "काय लिहिलंय?"

"लिहिलंय की मालनला काम करू द्या, नाहीतर—"

"नाहीतर काय? ते तुम्हाला पुन्हा बाहेर काढतील. असं करा. मल्हाररावांना जाऊन सांगा, नारायणराव म्हणतात भांडीवालीला धुराड्याला हात लावू देणार नाही."

"पण ते असं म्हणाले कुठे?"

"विचारलं तर म्हणतीलच. आणि मग नारायणरावांना तेच मल्हाररावांचं सांगा."

मी गेलो. मल्हारराव पान लावत होते. ऐकताच पान खाली ठेवलं. "तो कोण नको म्हणणारा? आमच्या चुलीवरचं धुराडं आहे! लावेल मालन हात, बघतो कोण अडवतो!" नारायणराव तर अंगरख्याचे बंद बांधत बांधत उठले. "मल्हाररावाची ही मजाल? मालनला सांगा, पूर्ण धुराडं कर. त्याचीसुद्धा बाजू कर!"

मी आयुष्यात शंभर अर्ज लिहिले. एकाचंही काम इतक्या लवकर झालं नाही.

शालिग्रामला मालनने स्वतः बोलावलं. "भिया, नवं घडवू नकोस. हे जुनं उलथणं जुन्या बांबूला जुन्या तारेने बांधून दे. यात तुझा बाप चिडणार नाही."

"बाप नाही चिडणार," शालिग्राम म्हणाला, "पण त्या दुपारी बोललीस ते मी विसरलो नाही."

"मग वर तू जा. राग वरून काढ, खालून मी बघते."

तेरसेला संध्याकाळी धुराड्याच्या तोंडावरची कौलं काढली, विहिरीच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं आत सोडली आणि भिंती गारेगार करून ठेवल्या. माळव्यात आश्विनाच्या तोंडावर पहाट आधीच गार. चतुर्दशीला तांबडं फुटताना गोणपाटं काढली, शालिग्राम बांबू घेऊन वर चढला, आणि मालन विझलेल्या चुलीत शिरली. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, नाकाला ओलं फडकं, आणि डोक्यावर पालथं पितळी पातेलं. पातेल्याच्या काठाखालून वर बघायची आणि हुकूम सोडायची.

"डावीकडे! अजून! अरे भिया, डावा हात कोणता ते घरी विचारून येतोस का?"

वरून ढकललं की पापुद्रा सुटायचा आणि मालनच्या पातेल्यावर टण् आदळायचा. टण्, टण्, टण्. टेकडीवर काकड आरतीची घंटा, खाली ही. वरून शालिग्रामचा हात अर्ध्यापर्यंत पोचायचा. खालचा अर्धा मालनने दुसऱ्या बांबूला जुना झारा बांधून स्वतः खरवडला. कोपऱ्यांत उलथणं पोचेना, तिथे त्याची एक बाजू दगडावर घासून निमुळती करून घेतली. ऊन चढून डांबर बोटाला चिकटायला लागलं की काम बंद. शालिग्राम म्हणायचा, अजून तासभर करू. मालन म्हणायची, "एक पापुद्रा नाही निघणार. जा, जेव."

दोन पहाटा. सर्वपित्री अमावस्येला ऊन कोवळं असतानाच मालनने पातेलं काढलं. पातेल्याला इतके पोचे आले होते की चिंतामणभट म्हणाले, ही आता चाळणी. अंगणात डांबराचा ढीग पडला होता, बसलेल्या बैलाएवढा. धुराड्यात खालून पाहिलं तर वर निळं आभाळ, चौकोनी, स्वच्छ. भिंतीवर गवंड्याच्या थापीचे माग दिसत होते. भगवंताने निसटलेली वीट आपणहून परत बसवली. दोन्ही बाजूंनी चुना भरला, कोणाला न विचारता.

घटस्थापनेला सकाळी दोन्ही पंच आले. चूल पेटवायची वेळ झाली. मालन मागे आपल्या खोलीच्या दारात उभी. हात स्वच्छ धुतलेले, पण नखांत काळं, आणि चेहरा असा की आपली खोली राहते की तिच्यातून भिंत जाते हे आत्ता कळणार.

चिंतामणभटांनी वाळल्या गोवऱ्या आणि मूठभर धूप टाकला. धूर आधी चुलीत घुटमळला. नारायणरावांनी खोकायची तयारी केली. मग तो धूर एकदम वर ओढला गेला, सुतासारखा सरळ, आणि बाहेर यात्रेकरूंनी जयजयकार केला.

मल्हारराव म्हणाले, "बघा, आमच्या बाजूने कसा जातोय."

नारायणराव म्हणाले, "डोळे तपासा. आमच्या बाजूने जास्त आहे."

मालन दारातून म्हणाली, "मधून जातोय."

दोघांनी पुन्हा पाहिलं. मधूनच जात होता. दोघांना एकदम हसू आलं, आणि हसल्यावर भिंत बांधायची भाषा कोण करणार? मल्हारराव म्हणाले, "छत्र इथेच. खोलीही आहे तशी. मालन, तुला लुगडं देतो." नारायणराव म्हणाले, "आम्ही दोन देतो."

"लुगडी द्या. नाही कशाला म्हणू?" मालन म्हणाली. "पण आणखी एक द्या. लाकडाची पारख माझ्याकडे. चुलीत जाणारा प्रत्येक ओंडका आधी माझ्या हातून जाईल. आणि हे उलथणं आता हंड्याचं नाही, धुराड्याचं. खिचडीला दुसरं घ्या, पितृपक्ष संपला."

चिंतामणभट काहीतरी पुटपुटले. त्यांनी टाळूवरून हात फिरवला, तिथे शेंडीचा नवा कोंभ फुटला होता, आणि कोपऱ्यातला पहिला ओंडका तिच्यापुढे आणून ठेवला.

तेव्हापासून दरवर्षी चतुर्दशी आणि सर्वपित्री अशा दोन पहाटांना मालन धुराडं खरवडते. डांबर आता फारसं जमतच नाही, कारण लाकूडच ओलं जात नाही. दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे. खणखणले तर आत, थपथपले तर उन्हात. परवा मी नेमावरहून येताना गाडीत सागाची चांगली मोळी घेऊन आलो. छत्राला दान, म्हटलं मालनलाही बरं वाटेल. गाडीवाल्यासमोर जरा रुबाबात उतरलो.

"ठहरो भिया. आधी वाजवून दाखव."

"अक्का, मी आहे! माझं तरी—"

तिने दोन ओंडके उचलले. थप्.

"ओलं आहे," ती म्हणाली. "महिनाभर उन्हात घाला. आणि तुम्हीही जरा सावलीत बसा, तापलायत. पाणी आणते."

मी तिच्या खोलीच्या दारात, त्या गरम भिंतीला टेकून बसलो.